वॉर्निशखालची चुनखडी

नुसता दगड म्हणून हिणवू नका हो, आधीच जीव कासावीस झालाय माझा! मी चुनखडीचा खडा. लोणी काळभोरच्या एका शेतात नांगराला अडकलो आणि बांधावर फेकला गेलो. तिथून अलफिया मॅडमनी मला पर्समध्ये घालून नारायण पेठेतल्या आपल्या शाळेत आणलं.

मॅडम आठवीला विज्ञान शिकवतात. दर शनिवारी एक तास दगडमातीचा असायचा. "मी सांगते म्हणून मानू नका, करून बघा," हे त्यांचं पालुपद. पहिल्यांदा स्वरालीने माझ्यावर पातळ ॲसिडचा थेंब टाकला आणि माझ्या अंगावर फसफसून फेस आला.

"अय्या मॅडम, हा तर सोड्यासारखा करतोय!" पोरगी ओरडलीच. घरी जाऊन तिने देव्हाऱ्याच्या संगमरवरावर लिंबू पिळून डाग पाडला आणि आईची बोलणी खाल्ली. वर्गात हे सांगताना तिचा चेहरा काय फुलला होता!

मुख्याध्यापक अनिरुद्ध सरांच्या मात्र हा तास डोळ्यांत खुपायचा. त्यांना तो स्कॉलरशिपच्या सरावाला हवा होता. शेवटी म्हणाले, "सोमवारी संस्थेची माणसं येताहेत. मुलांनी प्रयोग करून दाखवला तर तास राहील. नाहीतर आपण आपले दगड उचलायचे."

आणि घात केला तो प्रयोगशाळेच्या हिंदुराव शिपायांनी. भला माणूस! पाहुणे येणार म्हणून त्यांनी बाकांबरोबर आम्हा सगळ्या दगडांनाही वॉर्निशचे दोन हात मारले. "आता कसे चारचौघांत बसण्यासारखे दिसता," म्हणाले. माझा श्वास कोंडला.

सोमवारी स्वरालीने थेंब टाकला. काही नाही. दुसरा टाकला, तो घरंगळून टेबलावर पडला. अगं, खिळा घे, नख मार, ओरबाड मला! मी आतल्या आत आक्रोश करत होतो. मॅडमनी मला उचललं, वास घेतला आणि दाराकडे पाहिलं. तिथे हिंदुराव कौतुकाने हसत उभे होते, निवृत्तीला दोन महिने उरलेले. संस्थेच्या लोकांपुढे त्यांचं नाव नको म्हणून मॅडमनी मला गुपचूप टेबलावर परत ठेवलं.

"मॅडम, आपला दगड आज रजेवर दिसतोय," अनिरुद्ध सर म्हणाले. तास बंद. आम्ही कपाटात, किल्ली सरांच्या खिशात.

कपाटासमोरच मॅडमनी स्वरालीला गाठलं. "बाळा, त्याला वॉर्निश लागलं होतं गं. आत तो तसाच आहे."

"राहू दे मॅडम. सांगितलं म्हणून मानू नका, असं तुम्हीच म्हणता ना? पहिल्यांदाचा फेस कसल्यातरी धुळीचा असेल. सोमवारी मी करून बघितलं."

मॅडमनी कपाटाचं कुलूप ओढून बघितलं.

परवा इथेच उभी राहून ती परीक्षेची उत्तरं घोकत होती. "चुनखडीवर आम्ल टाकल्यास फेस येतो, चुनखडीवर आम्ल टाकल्यास फेस येतो." मग मैत्रिणीला म्हणाली, "खरं नाहीये ते. पण मार्क मिळतात."

अहो, कुणीतरी कुलूप तोडा हो! एक ओरखडा काढा माझ्यावर आणि त्या पोरीला हाक मारा!