चतुराची कात

“लव्हाळ्याच्या मुळाशी बघ, वर नको,” काठावर स्टूल टाकून बसलेले आमचे हे म्हणाले. मी ह्यांचीच जुनी पँट दुमडून गुडघाभर चिखलात उभी होते. हृदयाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी ह्यांना पाण्यात उतरायला बंदी केली आणि ती सक्तमजुरी माझ्या वाट्याला आली. जन्मभर ह्यांचे चिखलाचे कपडे धुताना मी ह्या नदीच्या नावाने बोटं मोडली होती.

ह्यांचं काम नदीकाठचे चतुर मोजण्याचं. नुसते उडणारे मोजून भागत नाही, ते कुठूनही येतात. चतुराचं पिल्लू पाण्यात वाढतं, मग लव्हाळ्यावर चढून कात टाकतं आणि उडून जातं. ती कात सापडली, तरच तो इथला. नदीच्या ह्या तुकड्यात गेली काही वर्षं एकही सापडली नव्हती. यंदाही नाही सापडली, तर हा तुकडा मोजणीतून वगळणार, असं ऑफिसने कळवलं होतं. हे लग्नाआधीपासून इथे येतात. ऑपरेशनला न घाबरलेला माणूस ऑफिसचं पत्र आल्यापासून धड जेवत नव्हता.

म्हणून सकाळी वरच्या पुलाजवळ सापडलेल्यांतली एक कात मी गुपचूप रुमालात बांधून घेतली. लाजबीज काही वाटली नाही. इथला काठ आधी इमानदारीने पालथा घातला. काही मिळेना, तेव्हा ती काढून ह्यांच्या तळहातावर ठेवली.

ह्यांनी भिंग लावलं. कात उलटसुलट करून बघितली.

“वरच्या पुलाजवळची आहे ही.”

“कात ती कात. तिच्यावर काय पत्ता लिहिलाय?”

“लिहिलाय. हा तांबडा गाळ बघ. इथला काळा असतो.”

आता बोलणी खायची म्हणून मी कंबरेवर हात ठेवून तयारच होते. पण हे हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग कागदावर शून्य लिहून खाली सही केली.

“मला वाटायचं, तुला ह्या नदीचा रागच आहे.”

“आहेच. पण तुमचा नाही ना.”

तुकडा गेला. वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण माझा माणूस समोर बसून हसत होता, आणखी काय मागायचं?

मी वर येऊन काठावर बसले. हे स्टुलावरून उतरून खाली बसले, बाटलीतलं प्यायचं पाणी माझ्या पायांवर ओतलं आणि आपल्या टॉवेलने बोटांमधला चिखल पुसायला लागले.

“अहो, कुणी बघेल.”

“बघू दे,” हे म्हणाले आणि दुसरा पाय मांडीवर घेतला.