ओल्वेनचे भाऊजी

"एक तिकीट दे. म्हाताऱ्यांचं," इद्वल पॅरी खिडकीशी वाकून म्हणाला.

पडक्या मठाच्या तिकीट-खिडकीत नेस्टा गेली एकोणीस वर्षं बसत होती. तिने वर पाहिलं आणि तिचा चष्मा नाकावरून घसरला. "इद्वलकाका, तुम्ही? आणि तिकीट? मेंढ्यांच्या मागे कुंपणातून शंभरदा आत शिरलात, तेव्हा नाही काढलंत ते!"

"तेव्हा मेंढ्या न्यायला यायचो. आज पाहुणे घेऊन आलोय."

त्याच्यामागे ढकलगाडी उभी होती. तिच्यातली घोंगडी त्याने बाजूला केली, तशी नेस्टा खिडकीतून अर्धी बाहेर आली. दगडात कोरलेलं डोकं होतं ते. फुगलेले गाल, टवका उडालेलं नाक आणि नुकतीच कुणाची तरी थट्टा केल्यासारखं ओठांवरचं हसू.

काही शतकांपूर्वी राजाने मठ मोडून साधूंना हाकललं, तेव्हा छपरावरचे शिशाचे पत्रे राजाने नेले आणि दगड आसपासच्या शेतकऱ्यांनी. त्या खोऱ्यात असं एक जुनं घर नव्हतं, ज्याच्या भिंतीत थोडा मठ नव्हता. पॅरींच्या गोठ्यात दाराशेजारी हे डोकं बसवलेलं होतं. कुणी बसवलं, ते इद्वलच्या आजोबांनाही ठाऊक नव्हतं. इद्वलच्या लेखी तो दगडासारखा दगड. पण ओल्वेन लग्न होऊन आली, पहिल्याच पहाटे धार काढायला गेली आणि हसत हसत बाहेर आली.

"अरे, तुझा एक भाऊ गोठ्यात राहतो, सांगितलं नाहीस? नाक तेच, हसणंही तेच. आणि तुझ्यासारखाच, मी राबतेय आणि हा नुसता बघतोय!"

तेव्हापासून ते भाऊजी झाले. एकावन्न वर्षं ओल्वेनने धार काढताना त्यांना गावच्या बातम्या सांगितल्या. इद्वलवर चिडली, की त्याला नेमकं ऐकू जाईल अशा बेताने ती त्यांच्यापाशी गाऱ्हाणं मांडायची. "बघा ना भाऊजी, तुमच्या भावाला आजही चिखलाचे बूट दारात काढवले नाहीत."

ओल्वेन जाऊन दोन हिवाळे झाले होते. इद्वलचे गुडघे कामातून गेले, गाई गेल्या, आता शेतही विकून तो लेकीकडे राहायला जाणार होता. घेणारा माणूस शहरातला, तसा बोलायला गोड. गोठ्यात तो पाहुण्यांसाठी खोल्या काढणार होता. डोकं पाहून तो हरखलाच. "हे आपण न्हाणीघरात ठेवू या. टबाच्या अगदी वर!"

 रात्रभर विचार करून सकाळी इद्वलने त्याला फोन लावला, "गोठ्याच्या भिंतीला एक भोक असेल, ते तुम्ही बुजवून घ्या," एवढंच सांगितलं, आणि छिन्नी-हातोडा घेऊन बसला. भाऊजींना न दुखवता सोडवायला दोन दिवस लागले.

"पण दगड परत कसा घ्यायचा, ते मला कुणी शिकवलंच नाही हो," नेस्टा म्हणाली. "इथून दगड पळवतात. आणून कोण देतं? त्यापेक्षा लेकीकडे घेऊन जा ना. तुम्हाला सोबत होईल."

"तिसऱ्या मजल्यावर? तिथं यांना कोण ओळखतंय?" इद्वलने गाडीतली घोंगडी सारखी केली. "मलाही कोणी ओळखत नाही म्हणा. पण माझा इलाज नाही, यांचा आहे."

नेस्टाने खिडकीत 'लगेच येते' अशी पाटी लावली.

दोघांनी ओल्या गवतातून गाडी ढकलली. छप्पर नसलेल्या देवळात कावळ्यांनी गलका मांडला होता. पलीकडे साधूंच्या बैठकीच्या जागी एक भिंत तेवढी धड उभी होती. तिच्यावर कोरीव डोक्यांची रांग होती, अकरा डोकी आणि एक रिकामा कोनाडा.

"ओल्वेन म्हणायची, ती जागा भाऊजींची. एक दिवस त्यांना घरी पोचवायचं," इद्वल म्हणाला. "जरा हात लाव."

त्यांनी दगड उचलून कोनाड्याशी नेला. आडवा धरून पाहिला, किंचित कलता करून पाहिला. दोन बोटं जास्तच भरत होता.

"काका, हा इथला नाही," नेस्टा हळूच म्हणाली.

इद्वल दगड छातीशी धरून तसाच उभा राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. तो रडतोय असं वाटून नेस्टा पुढे झाली, तर तो हसत होता. "गाल बघ की! एकावन्न वर्षं दुधाच्या वासावर काढली, फुगणारच!" हसता हसता त्याचे डोळे मात्र वाहू लागले, आणि हात गुंतल्यामुळे ते त्याला पुसता येईनात. नेस्टाने आपल्या बाहीने पुसले.

जागा न सापडलेले दगड मागच्या कोठीत फळ्यांवर ठेवलेले असत. खिडकीजवळची जागा नेस्टाने झाडून घेतली. भाऊजी तिथे बसले. तिने एक कार्ड काढलं.

"कुठे सापडला?"

"गोठ्यात."

"कधी?"

"एकाहत्तर साली. मे महिना. पहाटे."

"कोणाला?"

इद्वलने डोक्यावरची टोपी काढली. मग म्हणाला, "ओल्वेन पॅरी. पॅरीत दोन आर."

नेस्टाने सावकाश, वळणदार अक्षरात नाव लिहिलं. शाई वाळेपर्यंत इद्वल टोपी हातात धरून उभा राहिला.