मांजरपाटावरची चेटकीण

मी पडदा बोलतोय. लगेच मखमल, झालरी आणि टाळ्यांचा कडकडाट डोळ्यांसमोर आणू नका. मी साधा मांजरपाट आहे. केप कोस्ट या समुद्रकाठच्या शहराजवळच्या एका विद्यापीठात, साहित्य विभागाच्या तळमजल्यावरच्या खोलीत मला खिळ्यांना टांगलंय. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानं खिळे गंजले आणि त्यांचे तांबूस ओघळ माझ्या खांद्यांवर उतरले. रूपानं मी बेताचाच. पण गेल्या वर्षी माझ्या अंगावर जे घडलं, त्यानंतर मला कुणासमोर ताठ उभं राहायची लाज वाटते.

माझा जन्म कोटोकुराबा बाजारातल्या एका ताग्यात झाला. त्या ताग्यातले माझे भाऊबंद कुणी बारशाला गेले, कुणी चर्चमधल्या गायकांच्या अंगावर चढले. मला साहित्य शिकवणाऱ्या अमिसा मॅडमनी उचललं, कारण विभागाचा चांगला पडदा गुंडाळून ठेवायच्या नळीत जो अडकून बसला, तो काही केल्या बाहेर येईना. शिंप्याला पन्हा कमी पडला. त्यानं दोन तुकडे जोडले, आणि माझ्या छातीवरून एक आडवी शिवण कायमची गेली.

पहिल्याच तासाला त्या शिवणीनं माझी शोभा केली. मॅडमनी मासे धरणाऱ्या एका कोळ्याचं चित्र माझ्यावर टाकलं आणि विचारलं, "काय दिसतं?"

एबो नावाचा एक तोंडाळ मुलगा उठला. "मॅडम, माणसाच्या छातीतून एक रेघ जाते. समाजानं त्याचे दोन तुकडे केलेत, त्याचं ते प्रतीक आहे."

अर्ध्या वर्गानं ते वहीत उतरवूनही घेतलं. मॅडमनी चष्मा काढला. "एबो, ती शिवण आहे. उद्या भिंतीवरची पालसुद्धा प्रतीक म्हणशील. पोरांनो, आधी डोळ्यांचा हिशेब द्या, अकलेचा नंतर."

हाच त्यांचा पहिला धडा आणि शेवटचाही. गोष्टीचा एकच परिच्छेद त्या आठवडाभर चघळायला लावत. कोण सांगतंय, कुणाला सांगतंय, काय लपवतंय, कुठला शब्द दोनदा आला. मग सिनेमाकडे वळत. एकच प्रसंग आधी आवाजासकट दाखवत, मग आवाज बंद करून, मग चित्र झाकून नुसता आवाज. कॅमेरा कुठे उभा आहे, काय दाखवतो आणि मुख्य म्हणजे काय दाखवत नाही. "आवडलं की नावडलं हे मला विचारत नाही," त्या म्हणत, "ते घरी जाऊन आईला सांगा."

माझं एक दुःख तुम्हाला सांगायला हवं. माझ्यावर काय दिसतं ते मला कधीच दिसत नाही. पोटावर उजेड पडतो, ऊब लागते, एवढंच. मला दिसतात समोरचे चेहरे. सिनेमा मी त्या चेहऱ्यांवरून ओळखतो, आणि खरं सांगू, आजवर माझं काही अडलं नाही.

त्यातला एक चेहरा अराबाचा. हुशार मुलगी, कपड्याला सुरकुती नाही, उत्तराला हात सगळ्यांच्या आधी वर. फक्त कुणी घरचं काही बोलू लागलं की ती खाली वाकून सँडलचा पट्टा नीट करायची. आई काय करते, असं एकदा कुणीतरी विचारलं. "व्यापार," ती म्हणाली आणि विषय संपवला.

मग एक दिवस मॅडमनी 'काळी विहीर' आणला. वीसेक वर्षांपूर्वीचा इथलाच सिनेमा, मंकेसिम गावाजवळ कुणाच्या तरी घरात एका कॅमेऱ्यावर घाईघाईनं उरकलेला. एक वांझ बाई चेटकीण होते आणि गल्लीतली मुलं खाते, अशी गोष्ट. "प्रत्येकानं यातली पाच मिनिटं घ्यायची आणि बारकाईनं उसवायची," मॅडम म्हणाल्या.

चेटकीण आली आणि वर्ग हसून लोळायला लागला. अराबाचा चेहरा मात्र राखेसारखा झाला.

ती चेटकीण अराबाची आई होती. मला हे नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो. लपवाछपवी माझ्याच्यानं होत नाही. मंकेसिमच्या गाड्यांच्या स्टँडवर ती बाई केंकी विकते, म्हणजे केळीच्या पानात बांधून उकडलेले आंबवलेल्या मक्याचे उंडे. त्या सिनेमानंतर पोरं तिच्यामागे "चेटकीण, चेटकीण" करत धावायची. शाळेत अराबाच्या डब्यातला घास कुणी खात नसे. ते सगळं मागे टाकून ती इथे आली होती. इथे ती कुणाचीच मुलगी नव्हती, आणि त्यात तिला फार सुख होतं.

"अरे, ही बाई वळत कशी नाही?" एबो ओरडला. "दारातून जाते तीसुद्धा उलटी!"

"मागच्या फळीवरचं मडकं बघ कसं काढते! हात मागे, तोंड पुढे!"

"हिला पाठच दिली नाही देवानं!" एबो उठून बाकांमधून उलटा चालून दाखवायला लागला, डोलत डोलत. कुणी बाक बडवले. मला ते सोसवेना, कारण ज्या बाईला ते हसत होते ती त्या क्षणी माझ्याच अंगावर उभी होती आणि मला तिला झाकताही येत नव्हतं.

अराबा हसली. आधी थोडं, मग सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.

"अराबा, तुला काय वाटतं?" मॅडमनी विचारलं.

"तिला अभिनय येत नाही, मॅडम. थोबाड दाखवायची हौस, म्हणून कॅमेऱ्यावरून नजर हटत नाही. आणि ते डोलणं म्हणजे नुसता आचरटपणा."

"हे तुझं मत झालं. दिसलं काय?" मॅडम म्हणाल्या. "ही पाच मिनिटं तू घे. बाई पाठ का दाखवत नाही, ते मला चित्रातूनच शोधून सांग. बुधवारी."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती एकटीच आली. दार लावलं, यंत्र सुरू केलं, आवाज बंद केला. पुन्हा पुन्हा तोच तुकडा. आधी तिच्या तोंडावर नुसता वैताग होता. कधी एकदा हे उरकतंय असा. मग ती हळूहळू पुढे झुकली. तिनं चित्र थांबवलं, मागे नेलं, पुन्हा थांबवलं. उठून माझ्याजवळ आली आणि माझ्या कमरेच्या जागी बोट टेकवलं.

"पाय," ती पुटपुटली. "बाळाचा पाय."

मला ते दिसलं नाही, नंतर वर्गात ऐकून कळलं: काळ्या कापडाखालून, चेटकिणीच्या कमरेपाशी, इवलासा तळपाय बाहेर आला होता. क्षणभर. आणि लगेच चेटकिणीच्या हातानं तो आत ढकलला होता.

तिनं फोन लावला. समोरून स्टँडवरचा गलका आला, "आक्रा, आक्रा, एक सीट!" आणि त्यातून एक बाईचा आवाज.

"अराबा? अशी भर दुपारी? बरं नाही का गं? जेवलीस?"

"जेवले. आई, 'काळी विहीर'मध्ये तुझ्या पाठीला मी होते?"

पलीकडची बाई खळखळून हसली. "कुणी सांगितलं तुला? होतीस म्हणजे काय! कुठे टाकणार होते? तुझी मावशी तापानं फणफणलेली, शेजारीण गावाला. डायरेक्टर म्हणाला, वांझ चेटकिणीच्या पाठीला पोर कुठलं? पोर दिसलं तर दुसरी बाई आणतो. मग बांधलं तुला घट्ट, वर काळं कापड घेतलं आणि चालले खेकड्यासारखी. एकदा तू शिंकलीस, तर मीच खोकले जोरात. तेही ठेवलंय त्यांनी, बघ."

"आणि डोलत का होतीस?"

"तू किरकिर केलीस की डोलायचे. तुला काय कळतंय शूटिंग चाललंय ते! पण तू कुठे पाहिलास तो सिनेमा?"

"वर्गात. अभ्यासाला आहे. बुधवारी पुन्हा दाखवायचाय."

"अगंबाई! माझा सिनेमा? विद्यापीठात? मोठ्या पडद्यावर?" आवाज एकदम लहान मुलीचा झाला. "मग? आवडला का लोकांना?"

अराबानं माझ्याकडे पाहिलं. "हो. सगळे अगदी गप्प बसून बघत होते."

"मग मी येऊ का बघायला? मी मेलीनं तो पुरता कधी पाहिलाच नाही."

अराबानं तोंड उघडलं. स्टँडवरचा गलका तेवढा येत राहिला.

"नाही गं, आपलं उगाच म्हटलं," आईच घाईनं बोलली. "बुधवारी बाजार असतो, मला कुठली सवड. आणि तिथे तुला माझ्यावरून कुणी ओळखत नाही, तेच बरं. केंकी पाठवते ड्रायव्हरच्या हाती, नेहमीसारखी. गेटवर घे."

फोन बंद झाला. म्हणजे आईला सगळं ठाऊक होतं. मुलीला आपली लाज वाटते हे ठाऊक असून ती दर आठवड्याला जेवण पाठवत होती आणि स्वतः गेटपर्यंतही येत नव्हती. अराबा जमिनीवर बसून राहिली. मीही तसाच लटकत राहिलो. लटकण्यापलीकडे मला काय येतं म्हणा.

बुधवारी ती उशिरा आली, आणि तिच्या मागून एक बाई आत आली. चर्चला नेसायचं निळं कापड, डोक्याला तसाच रुमाल, हातात पिशवी. अराबानंच तिला मागाहून बोलावून घेतलं होतं. सिनेमातले चुन्याचे पट्टे आणि काजळ नसलेला तो चेहरा कुणी ओळखला नाही.

"अराबा, या मावशी कोण?" एबोनं विचारलं.

मला वाटलं, आता सांगेल.

"या... केंकीवाल्या मावशी आहेत," अराबा म्हणाली. "बसू दे त्यांना."

"हो रे बाळा," बाई लगेच म्हणाली, "ऊन फार आहे बाहेर. बसते जरा पंख्याखाली." आणि शेवटच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली. पाठीवरचं पोर लपवलं तितक्याच सहज तिनं आपलं आईपण लपवलं. त्या वेळी माझे खिळे निसटून मी खाली कोसळलो असतो तर फार बरं झालं असतं.

तुकडा सुरू झाला. "आली, आली, बिनपाठीची!" एबो म्हणाला आणि वर्ग सवयीनं हसला.

मला शेवटचा बाक समोरच दिसत होता. आधी त्या बाईचं तोंड कौतुकानं उघडंच राहिलं. स्वतःला एवढं मोठं तिनं कधी पाहिलं नव्हतं. मग हसू तिच्या कानावर गेलं. तिनं इकडेतिकडे पाहिलं, कुणाला हसताहेत ते तिला कळलं, आणि ती मान खाली घालून पिशवीचे बंद सारखे करत बसली. पुन्हा वर पाहिलं ते थेट अराबाकडे. आणि हसली. असू दे गं, चालायचंच, असं.

अराबानं चित्र थांबवलं.

"आता आवाज बंद करून बघा," ती म्हणाली. "मत नको. फक्त काय दिसतं ते सांगा. डावीकडे, कमरेपाशी."

चेहरे पुढे झुकले. "पाय आहे!" कुणीतरी म्हणालं. "तान्ह्याचा!" मग तिनं डोलणं दाखवलं, आणि एका मुलीनं आपोआप तोंडावर हात नेला, कारण असं डोलून आपल्या भावंडांना तिनंही निजवलं असणार. मग चित्र झाकलं आणि आवाज लावला. बारीकशी शिंक, आणि पाठोपाठ चेटकिणीचा खोकला. आता हसायला कुणी उरलं नव्हतं. मॅडमनी चष्मा काढून हातात धरला होता.

"मग ते पोर कुणाचं?" एबोनं हळूच विचारलं.

"मी," अराबा म्हणाली. "तो पाय माझा आहे. आणि जिला अभिनय येत नाही असं मी म्हटलं ती माझी आई. ती शेवटच्या बाकावर बसलीय. केंकीवाली म्हणून मीच बसवली तिला. आत्ता, तुमच्यासमोर."

सगळ्या माना मागे वळल्या. बाई गडबडून उभी राहिली. "नाही हो मॅडम, पोरगी खरं तेच बोलली," ती म्हणाली. "मला कुठला आलाय अभिनय. माझं सगळं लक्ष पाठीवर."

मॅडम तिच्याकडे गेल्या आणि तिचे दोन्ही हात हातात घेऊन उभ्या राहिल्या. एबो उठून कुठे बघावं ते न कळून जमिनीकडे बघत राहिला. मग टाळ्या झाल्या, खूप झाल्या. पण अराबानं त्या घेतल्या नाहीत. ती माझ्याकडे तोंड करून उभी होती, कपाळ माझ्यावर टेकवून, आणि माझा मांजरपाट ओला होत होता. तिचं तोंड त्या वेळी मी एकट्यानंच पाहिलं. ते कसं होतं ते मी कुणाला सांगणार नाही.

या सुट्टीत भिंतीवर नवा पांढरा फळा येणार आहे. मला उतरवून फरशी पुसायला घेऊ, असं शिपाई म्हणत होता. माझी ना नाही, माझी लायकी तेवढीच. पण मॅडम, ऐकणार असाल तर एक मागणं आहे. त्या बाईवरचं सगळं हसू माझ्या अंगावर झालं, आणि मला ते अजून धुऊन काढता आलेलं नाही. मला मंकेसिमला पाठवा. केंकीच्या पातेल्यावर झाकायला मांजरपाट चांगला, वाफ धरून ठेवतो. फक्त ड्रायव्हरच्या हाती पाठवू नका. अराबानं स्वतः यावं, भर बाजाराच्या दिवशी, स्टँडवर, आणि सगळ्यांच्या देखत "आई" अशी हाक मारून मला तिच्या हातात द्यावं.