माझ्या पोटावरचा पोचा

मी एक जुना तांब्याचा हंडा आहे आणि माझ्या पोटावर वीतभर पोचा आहे. मित्रांनो, लपवत नाही, तुम्ही आधी तोच बघणार हे मला ठाऊक आहे. चिंच लावून घासलं की मी अजून असा चकाकतो की नव्या भांड्यांनी तोंड लपवावं. पण घरात आलेला कोणीही माझ्या चकाकीचं नाव काढत नाही, पोच्यावरच बोट ठेवतो. ठेवा बापडे.

चिपळूणच्या एका तांबटाने मला घडवलं. ठोकून ठोकून त्याने मला हैराण केलं, पण घाट असा दिला की बघत राहावं. खतिजा लग्न होऊन हर्णेला आली, तेव्हा माहेराहून मला घेऊन आली. मागीलदारच्या न्हाणीत चुलीवर माझी जागा ठरली. तिथे निगडीचा पाला घातलेलं पाणी मी उकळायचो, आणि वरच्या वाडीतली गंगुबाई येऊन बाळंतिणींना तेल चोळायची, शेक द्यायची, न्हाऊ घालायची. खतिजाच्या जावा, नणंदा, शेजारणी, सगळ्या माझ्याच पाण्याने न्हायल्या. या हंड्याच्या पाण्याने बाळंतीण ताठ उभी राहते, असं बंदरावर बायका बोलायच्या. मी कसला फुगायचो तेव्हा!

एक मात्र उभी राहिली नाही. खतिजाची धाकटी बहीण, जैबून. तेवीस वर्षं झाली. तिला मुलगी झाली आणि चार दिवसांत तिचं डोकं दुखायला लागलं. वारा लागला म्हणून डोक्याला रुमाल आवळून बांधला, माझ्याखाली लाकडं वाढवली, पाणी आणखी कढत केलं. मीही मन लावून उकळलो. नवव्या दिवशी जैबून गेली. आदल्या संध्याकाळी ती घटकाभर अंगणात जाऊन बसली होती, तेवढ्यावरून लोक म्हणाले की नजर लागली, बाहेरचं झालं. अंगणात जायला तिला खतिजानेच सांगितलं होतं. आत गुदमरतेय म्हणत होती ना पोर.

जैबूनची मुलगी खतिजाने पोटच्या मुलीसारखी वाढवली. तिचं नाव तस्नीम. खाला खाला करत ती न्हाणीत माझ्याभोवती पाणी उडवायची, मला ढोल समजून बडवायची. बघता बघता तिचं लग्न झालं, नवरा साकिब कतारला नोकरीला गेला, आणि गेल्या वर्षी ती बाळंतपणासाठी खतिजाकडे आली.

शेवटच्या महिन्यात तिचा रक्तदाब वाढला होता. दापोलीच्या दवाखान्यात ती सुखरूप मोकळी झाली, मुलगा झाला. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सांगितलं, गोळ्या चुकवायच्या नाहीत, सहाव्या दिवशी दाब मोजायला यायचं, आणि डोकं दुखलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर सहाव्या दिवसाचीही वाट बघायची नाही. खतिजाने मान डोलावली, कागदाची नीट घडी केली आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवून दिली. बाळ बाहेर आलं, आता दाब कसला, असं तिला वाटलं. गोळ्यांनी दूध बिघडेल म्हणून त्याही बंद केल्या. आणि चाळीस दिवस होईपर्यंत तस्नीमला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू द्यायचं नाही, ही तर तिची शपथच होती. एकदा अंगणात पाठवून ती बहीण गमावून बसली होती. तिला हट्टी म्हणू नका, मित्रांनो. तिच्या काळजात भीती बसली होती.

पाचव्या दिवशी गंगुबाई तस्नीमच्या पायांना तेल लावत होती. लावता लावता तिचा हात थांबला. तिने नडगीवर अंगठा दाबला, उचलला आणि बघत राहिली. अंगठ्याएवढा खड्डा तसाच होता. भरून येईना. तिने दुसरा पाय दाबला. तिथेही तेच. "भाबी, पाय बघ गो जरा," ती म्हणाली. खतिजा न्हाणीच्या पडद्याबाहेरूनच बोलली, की ओली बाळंतीण आहे, पाय सुजायचेच, पोरीला घाबरवू नको. गंगुबाई गप्प झाली. चार घरची कामाची बाई, घरधनीण नको म्हणते तिथे किती बोलणार? मी मात्र तिचा चेहरा बघितला. तिला काहीतरी आठवलं होतं.

सहाव्या दिवशी छट्टी होती. घर पाहुण्यांनी भरलेलं, पुढच्या पडवीत हसणं खिदळणं, स्वयंपाकघरात मोठमोठी पातेली चढलेली. दवाखान्यात जायचा दिवस हाच, पण छट्टी सोडून कोण जातंय! सकाळी तस्नीम भिंत धरत न्हाणीत आली. कपाळ दाबून गंगुबाईला म्हणाली, "मावशी, मला तू दोन दोन दिसतेस." गंगुबाई उठून पडद्याकडे वळली, तोच तस्नीमचे डोळे फिरले. अंग ताठ झालं आणि ती झटके देऊ लागली. गंगुबाईने झेप घेऊन तिला सावरलं, कुशीवर वळवलं, डोकं दगडावर आपटू नये म्हणून आपला हात खाली घातला. ती जिवाच्या आकांताने ओरडली. पुढच्या दारी गलका चाललेला. कोणाला काय पत्ता?

तेव्हा तिने मोकळ्या हाताने पितळी तांब्या उचलला आणि मला बडवायला सुरुवात केली. ढण्ण, ढण्ण, ढण्ण! मी अर्धा रिकामा होतो, जेवढा घसा होता तेवढा काढून वाजलो. पोटात पोचा पडला तरी ती थांबली नाही. पडवीतलं हसणं बंद झालं आणि माणसं धावत आली.

तस्नीमला गाडीत घालून दापोलीला नेलं. नऊ दिवस माझ्याखालची चूल कोणी पेटवली नाही. बाळ घरात भुकेने रडायचं, वरचं दूध पाजून शेजारीण त्याला गप्प करायची, आणि तस्नीम जगेल की नाही हे मला कोणी सांगत नव्हतं. पाण्यावर मुंग्या तरंगत होत्या. माझ्या मनात एकच घोळत होतं. जैबूनला मी किती मन लावून पाणी तापवून दिलं होतं!

दहाव्या दिवशी तस्नीम आली. वाळली होती, चालताना खतिजाचा खांदा धरत होती, पण आली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. या भांड्याचा मात्र पडायचा होता.

झटके वाढलेल्या दाबाचे होते आणि पायांची सूज ही त्याचीच खूण, असं दवाखान्यात तिला सांगितलं होतं. न्हाणीत बसल्यावर तिने आपणच नडगीवर अंगठा दाबून बघितला. मग मान वर न करता विचारलं, "मावशी, माझ्या आईला पण तूच न्हाऊ घालायचीस ना?"

गंगुबाई हो म्हणाली.

"तिच्या पायाला असाच खड्डा पडायचा?"

खतिजा टॉवेल घेऊन पडद्याशी उभी होती. गंगुबाईने तिच्याकडे एकदा बघितलं.

"पडायचा," ती म्हणाली. "मला तेव्हा कळलं नाय गो. आणि परवा कळलं, तरी मी गप्प बसले."

खतिजा तिथेच जमिनीवर बसली. बावीस वर्षं ती अंगणाला दोष देत आली होती, आणि आपल्याला. त्या दिवशी ती बहिणीसाठी पहिल्यांदा मोठ्याने रडली.

आता बिस्किटांच्या डब्यातला तो कागद माझ्यावरच्या खिळ्याला टांगलेला असतो. वाडीत कोणी बाळंतीण झाली की खतिजा आणि गंगुबाई दोघी जातात. आधी तिच्या पायावर अंगठा दाबतात, डोकं दुखतं का विचारतात, डॉक्टरांनी कधी बोलावलंय ते विचारतात, आणि त्या दिवशी तिला हाताला धरून गाडीत बसवतात. मागे एक तांबट पोचे काढायला आला होता. खतिजाने त्याला मला हातही लावू दिला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी बाळ येईल तेव्हा तुम्ही पाळण्याकडे धावाल. धावा, पण आधी बाळाच्या आईजवळ थांबा. डोकं दुखतंय म्हणाली, पाय सुजलेले दिसले, तर मोठ्या माणसांना सांगा. ऐकलं नाही तर पुन्हा सांगा, भांडी बडवून सांगा. जैबूनच्या वेळी मला कोणी बडवलं नाही. बडवलं असतं, तर तस्नीमला आपली आई माहीत असती.