पितांबरभाऊंचा बिबट्या

माजी विद्यार्थी मंडळाचं भरीत दर हिवाळ्यात यावलजवळ शालिग्रामभाऊंच्या शेतातच व्हायचं. मंडळाचा जन्मच तिथला. जळगावच्या विद्यापीठातून नुकतेच बाहेर पडलेले काही मित्र एका संध्याकाळी या केळीच्या बागेशेजारी भरीत खायला जमले आणि मग दरवर्षी जमत राहिले. आता मंडळाला घटना होती, कार्यकारिणी होती, धुळ्याला आणि शिरपूरला शाखा होत्या. पण एक रिवाज पहिल्यापासून तसाच होता. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायला टाकली की सगळ्यांनी गोल बसायचं, पितांबरभाऊंनी मंडळाचा इतिहास सांगायचा आणि तो संपल्यावरच वांगी सोलायची.

यंदा प्रमिलाबाईंनी नातीला बरोबर आणलं होतं. त्या मंडळाच्या पहिल्या काही सभासदांपैकी. सारा जन्म प्राथमिक शाळेत शिकवण्यात गेला. ऋतिका नऊ वर्षांची. दुपारभर ती शालिग्रामभाऊंच्या पांढऱ्या करडामागे फिरत होती.

"बाई, पोरीला बागेकडं सोडू नका," शालिग्रामभाऊ म्हणाले. "सकाळी पाटाच्या चिखलात ठसे दिसले. बिबट्याचे आहेत."

प्रमिलाबाईंनी ऋतिकाला जवळ घेऊन समजावलं. केळीत दिवसाही अंधार असतो, पानं एकमेकांना भिडलेली असतात, दोन ओळींपलीकडचं दिसत नाही. म्हणून आत जायचं नाही. ऋतिकानं मान हलवली.

मग पितांबरभाऊंनी सुरुवात केली. ते शिरपूरचे, मंडळाचे पहिले अध्यक्ष. "त्या संध्याकाळी वांगी अशीच भाजत होती. तेवढ्यात बागेतून गुरगुर ऐकू आली. बघतो तर बिबट्या. वासराएवढा."

"मागच्या वर्षी शेळीएवढा होता," कुणीतरी मागून म्हणालं.

"वर्षभर केळी खाल्ली त्यानं," दुसरा म्हणाला. सगळे हसले.

"हसा. मी मात्र थाळी उचलली, चमचा घेतला आणि वाजवत सरळ आत गेलो. तो समोर बसलेला. मी मागं सरलो नाही. एक पाऊल मागं टाकलं असतं ना, तर त्यानं तिथंच झडप घातली असती. मी पुढं, थाळी पुढं. शेवटी तोच पळाला. आणि परत येऊन आम्ही हे मंडळ काढलं."

टाळ्या झाल्या. वांगी सोलायला घेतली. प्रमिलाबाईंनी ऋतिकाला हाक मारली, कारण तिला गरम साल काढून दाखवायची होती. ऋतिका नव्हती. चुलीजवळ नाही, पाण्याच्या टाकीजवळ नाही.

तेवढ्यात बागेतून थाळी वाजायला लागली.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली करडू निवांत पडलं होतं. ते बागेतून केव्हाच परत आलं होतं आणि त्याला शोधायला ती आत गेली होती.

दोघेतिघे काठ्या घेऊन धावले. शालिग्रामभाऊंनी हात पसरून त्यांना अडवलं. "चहूकडून आवाज केला तर तो कोंडला जाईल आणि तिच्याच अंगावर येईल. पलीकडची बाजू मोकळी राहू द्या. त्याला जायला वाट पाहिजे."

"ऋतिका," प्रमिलाबाईंनी हाक मारली. वर्गात मारायच्या तशीच.

"आजी, तो पळत नाहीये." आवाज लांबून आला, बारीक. "मी वाजवतेय, तरी तो बसलाय. माझ्याकडं बघतोय."

प्रमिलाबाईंनी बांधावरचं बाभळीचं खोड धरलं. "खाली बसू नकोस. ताठ उभी राहा. आता माझं ऐक. पाठ न फिरवता हळूहळू मागं ये."

"नाही. मागं नाही यायचं. पितांबरआबांनी सांगितलंय, मागं पाऊल टाकलं की तो झडप घालतो."

थाळी पुन्हा वाजली, या वेळी थोडी पुढून. पोर बिबट्याच्या दिशेनं सरकत होती.

प्रमिलाबाई वळल्या. पितांबरभाऊ हातात अर्धं सोललेलं वांगं घेऊन उभे होते. त्यांचे दोन नातू, शिरपूरची सगळी शाखा, सगळे जण त्यांच्याकडं बघत होते.

"भाऊ, तिला खरं सांगा."

पितांबरभाऊंनी नातवांकडं पाहिलं. आत थाळी आणखी पुढं गेली. मग ते बागेच्या कडेपर्यंत आले आणि ओरडले, "बेटा, बठ्ठं खोटं शे! मी आत गेलोच नव्हतो. बिबट्या मी पाहिलासुद्धा नाही. मी ट्रॉलीवर चढून थाळी वाजवली. आजी सांगते तसं कर."

थाळी थांबली.

"खरंच?" आतून आवाज आला.

"तुझ्या आजीची शपथ."

"आता थाळी खाली ठेव," प्रमिलाबाई म्हणाल्या. "हळू. वाकू नकोस, गुडघे थोडे मोडून सोडून दे. नजर त्याच्यावरच. एक हात मागं कर. मागचा केळीचा खांब लागला?"

आत एक पान हललं. मग, "लागला."

"त्याला धरून एक पाऊल. आता पुढचा खांब शोध. लागला की सांग."

"लागला."

असं चाललं. एक खांब, एक शब्द. मधे एकदा "लागला" आलंच नाही. प्रमिलाबाईंनी विचारलं तरी नाही. पानं सळसळली. कुणाच्या तरी हातातली काठी पडली. मग रडवेला आवाज आला, "ठिबकच्या नळीत पाय अडकलाय."

"खाली बघू नकोस. पाय वर उचल, जिना चढतो तसा. निघाला?"

"निघाला."

पानांमधून आधी तिची वेणी दिसली, मग पाठ. प्रमिलाबाईंनी हात घालून तिला बाहेर ओढलं आणि छातीशी धरलं. शालिग्रामभाऊ म्हणाले, "सगळे ट्रॉलीत चढा. सामान राहू द्या."

कुणी वाद घातला नाही. भरीत, भाकरी, सतरंज्या, सगळं तिथंच राहिलं. ट्रॉलीत माणसं दाटीवाटीनं बसली. पितांबरभाऊ कोपऱ्यात खाली मान घालून बसले होते.

ऋतिका आजीच्या पदरातून डोकं बाहेर काढून म्हणाली, "आबा, मग त्या पहिल्या वर्षी खरं काय झालं होतं?"

पितांबरभाऊंनी मान वर केली. "बागेत काहीतरी गुरगुरलं. आम्ही सगळे ट्रॉलीत चढलो. असेच, एकमेकांना चिकटून. भरीत टाकून पळालो. पुढच्या वर्षी पुन्हा यायची भीती वाटत होती, म्हणून ठरवलं की यायचं तर सगळ्यांनी मिळून यायचं."

"एवढाच इतिहास?"

"एवढाच."

शालिग्रामभाऊंनी चावी फिरवली. इंजिन खाकरलं आणि बंद पडलं. त्या शांततेत, बागेच्या आतून, थाळी एकदाच वाजली. कुणीतरी तिच्यावर पाय ठेवल्यासारखी.

ऋतिकाचा हात प्रमिलाबाईंच्या मनगटावर घट्ट झाला. पितांबरभाऊंनी तिचा दुसरा हात धरला. शालिग्रामभाऊंनी चावी पुन्हा फिरवली.