बाकदार पाती

बर्फावर सांडलेलं रक्त पुसून जात नाही, खरवडून काढावं लागतं. ते काम माझं. आमच्या रिंकवर बर्फ गुळगुळीत करणारी गाडी मी चालवतो. आइस हॉकीला ज्यांना नुसता खेळ म्हणायचंय त्यांनी एकदा माझ्या शेजारी बसून फेरी मारावी.

गाडीच्या खोलीला लागूनच ताईची खोली. ताई स्केटच्या पात्यांना धार लावते. तिच्याहून वयाने मोठे असलेले आम्हीसुद्धा तिला ताईच म्हणतो. तिच्या तोंडी लागायची कुणाची टाप नाही. आमच्या संघातला रेडा हा तिचा सख्खा धाकटा भाऊ. त्याला खेळता फारसं येत नाही. समोरच्यांची थोबाडं फोडायलाच त्याला संघात ठेवलंय, आणि ते काम तो मन लावून करतो.

पाहुण्या संघाच्या पात्यांनाही धार ताईच लावते. तिचा नियम एकच: कुणाच्या पात्याचा आकार कसा आहे, हे दुसऱ्याला सांगायचं नाही. भावालाही नाही.

त्या दिवशी सामन्याआधी पाहुण्यांचा लांब्या तिच्याकडे आला. गेल्या खेपेला रेड्याने त्याच्या उजव्या डोळ्यावर असा ठोसा हाणला होता की भुवईचे दोन तुकडे झाले. लांब्याही काही साधू नव्हे, रेड्याचे पुढचे दात त्यानेच पाडलेत.

"ताई, माझी पाती बाकदार करून द्या."

ताईने मशीन बंद केलं. "सामन्याच्या दिवशी आकार बदलायचा? डोकं ठिकाणावर आहे ना?"

सपाट पातं बर्फाला लांबवर टेकतं. त्यावर माणूस पाय रोवून उभा राहतो, ठोसे देतो, ठोसे खातो. मारामारी करणारे सगळे तेच घेतात. बाकदार पातं टिचभरच टेकतं. त्यावर जागच्या जागी वळून सटकता येतं, पण कुणी गचांडी धरली की पाय गेलेच म्हणून समजा.

"मला मारामारी करायचीच नाही," लांब्या म्हणाला. "डोळ्याचा पडदा सुटला होता, ऑपरेशन करून बसवलाय. डॉक्टर म्हणाले, आणखी एक फटका बसला तर हा डोळा गेला."

"मग घरी बसा की."

"घरी बसलो तर संघातून काढतील. आज नुसतं पळायचं, वळायचं, सटकायचं."

 ताईने चवड्याकडचं आणि टाचेकडचं पोलाद हळूहळू उतरवलं, नखावर धार पाहिली आणि स्केट त्याच्या हातात दिले.  तो गेल्यावर तिने रेड्याला हाक मारली.

"ऐक. लांब्याने बाकदार पाती घेतलीत. त्याला भांडायचं नाहीये. उजव्या डोळ्यावर फटका बसला तर तो डोळा जाईल. त्याच्या वाटेला जाऊ नकोस. माझी शपथ आहे तुला."

मी दारातच होतो. ताईला नियम मोडताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. रेड्याने शहाण्या मुलासारखी मान डोलावली आणि मला, मूर्खाला, बरं वाटलं.

लांब्या सुरेख खेळला. रेडा अंगावर आला की तो गिरकी घेऊन निसटायचा. प्रेक्षक "पळपुट्या!" म्हणून बोंबलत होते. मग रेड्याने त्याला रिंकच्या कडेच्या फळीशी कोंडलं, हातमोजे भिरकावले आणि डाव्या हाताने त्याची गचांडी धरून खेचलं.

लांब्याचे पाय फरफर घसरायला लागले. त्याला उभंच राहता येईना. त्याने दोन्ही पंजे उघडून वर केले, नको नको म्हणाला. रेड्याने त्याचं हेल्मेट उडवलं आणि उजव्या डोळ्यावर ठोसा मारला. मग पुन्हा तिथेच. नाक नाही, जबडा नाही, मोजूनमापून तिथेच. ताई बाहेरून फळीवरच्या काचेवर मुठी आपटत किंचाळत होती, "सोड त्याला! अरे, सोड!" लांब्या गुडघ्यावर कोसळला तरी ठोसे थांबले नाहीत. पंचांनी रेड्याला ओढून काढलं आणि बाहेर हाकललं. लांब्याच्या बोटांमधून रक्त गळत होतं आणि तो एवढंच म्हणत होता, "दिसत नाहीये. मला दिसत नाहीये."

त्याला स्ट्रेचरवरून नेलं आणि मी गाडी बाहेर काढली. लोक अजून नाचत होते. मला त्या सगळ्यांच्या अंगावरून गाडी घालावीशी वाटली.

परत आलो तर रेडा ताईच्या खोलीत पाय पसरून बसला होता. सुजलेली मूठ बर्फाच्या पिशवीत.

"ताई, मानलं तुला! सपाट पात्यांवर असता तर त्याने मलाच लोळवलं असतं. तू सांगितलंस आणि माझं काम सोपं झालं." त्याने पायातले स्केट काढून तिच्यापुढे सरकवले. "जरा धार लाव. उद्या पुन्हा सामना आहे."

ताईने एक स्केट मशीनला लावला आणि पातं चाकावर दाबलं. धार लावताना तिचा हात हलका असतो. आता ती सगळा भार टाकून उभी होती. ठिणग्या भिंतीपर्यंत उडत होत्या, जळक्या पोलादाचा वास नाकात बसला.

"अगं, किती घासतेस? वाट लागेल त्याची!"

तिने पातं पुन्हा चाकावर दाबलं. रेडा उठला आणि तिचा दंड धरायला गेला. मी मध्ये उभा राहिलो.

"मला का शिक्षा?" तो माझ्या खांद्यावरून ओरडला. "तूच तर सांगितलंस ना मला!"

"हो," ताई म्हणाली. "मीच सांगितलं."

पातं संपलं तसा तिने दुसरा स्केट उचलला.