वर काही नाही

बोट धक्क्याला लागली तशी सगळी माणसं कठड्याकडे धावली. मी खुर्चीतच बसून राहिले. डोंगर होता, डोंगरावर रंगीत घरं होती, पाणी निळं होतं. बघितलं. पोटात काही हललं नाही. हे गेल्यापासून माझं असंच आहे. पायाला मुंग्या येऊन तो बधिर होतो ना, तसं आतून सगळं. लोक म्हणतात, एकदा रडून घे. अहो, यायला तर हवं! मला राग चालला असता, दुःख चाललं असतं, काहीही चाललं असतं. त्याच एका आशेवर मी घर सोडलं होतं.

सफरीची तिकिटं ह्यांनीच काढून ठेवलेली. त्यांच्या जागी माझी नणंद आली. वन्सं चालायला घोड्यासारख्या आणि बोलायला त्याहून जोरात.

धक्क्यावरून दगडी पायऱ्यांची वाट वर जात होती. माथ्यावर एक सज्जा होता, तिथून म्हणे सगळा किनारा दिसतो. काठी टेकत टेकत मी पायऱ्यांच्या तोंडाशी असलेल्या बाकापर्यंत पोचले आणि बसले.

"तुम्ही जाऊन या वन्सं. मी आहे इथे."

बाकावर बसायची मला सवयच आहे. कापडाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून राहून माझे गुडघे लवकर गेले. तेव्हापासून आमची पद्धतच पडली. कुठेही गेलो की पहिला बाक माझा, आणि हे पुढे जाऊन बघून यायचे. उभा जन्म घरोघरी विजेचे मीटर वाचत फिरलेला माणूस, त्यात त्यांना काही वाटायचं नाही. परत येऊन शेजारी बसायचे, घाम पुसायचे. "वर काही नाही गं. नुसते दगड." किल्ला असो, धबधबा असो, दरवेळी तेच. मग आम्ही चहा प्यायचो. माझं तर मतच होऊन बसलं होतं, की जग म्हणजे उगाच उठवलेली हूल आहे.

वन्सं धापा टाकत खाली आल्या. डोळे पाण्याने भरलेले.

"वहिनी, काय आहे गं वर! दादा फोनवर सांगायचा ना, अगदी तस्सं!"

"काय सांगायचे?"

"सगळंच की. कुठे गेलात की रात्री त्याचा फोन ठरलेला. तासतासभर वर्णन. त्या धबधब्याचं सांगताना तर रडायचाच बाकी होता. तुला सांगितलंच असेल..."

माझा चेहरा बघून त्यांनी जीभ चावली.

"मला दगड सांगितले," मी म्हटलं. "प्रत्येक वेळी दगड."

"तुला वाईट वाटू नये म्हणून गं."

"मला विचारलं होतं का? मी काय कुक्कुलं बाळ होते?"

डोकं असं सणकलं म्हणता! कितीतरी महिन्यांनी कानशिलं तापली. मी उठले, पायऱ्यांपाशी गेले, वळले आणि पहिल्या पायरीवर बसले. मग हाताने रेटून दुसरीवर. मग तिसरीवर. रांगतं पोर जिना चढतं तशी, पाठ डोंगराकडे, तोंड पाण्याकडे.

"वहिनी, अगं लोक बघतायत!"

"बघू देत. काठी धरा माझी."

वरून उतरणारं एक जोडपं अंग चोरून बाजूला झालं. साडीचं मातेरं झालं, तळहात सोलले. वन्सं आधी लाजल्या, मग माझ्याच शेजारी बसून त्याही तशाच चढायला लागल्या. दमले की थांबायची, वन्संना दोन शब्द सुनवायची, पुन्हा रेटायची.

माथा काही आला नाही. निम्म्या वाटेवरच्या सपाट जागेवर माझे हात संपले. पण तिथूनही दिसत होतं. घरांची छपरं, खाली एवढीशी झालेली आमची बोट, आणि डोंगरांच्या मधून वळत वळत आत शिरलेलं पाणी. ऊन त्याच्यावर हलत होतं. सुंदर होतं. खोटं कशाला बोलू?

"वन्सं, ते पाणी बघा," मी म्हटलं.

आणि म्हणताक्षणी कळलं. ह्यांच्या शेजारी असं म्हणायला कोणीच नसायचं. एवढं सगळं एकट्याने बघायचं, खाली येता येता कुठल्यातरी वळणावर थांबून चेहरा पाडायचा, आणि मग माझ्यापुढे यायचं. वर्षानुवर्षं. माझ्यासाठी. एकदा हाताला धरून म्हटलं असतं, चल, बसत बसत जाऊ, तर मी आले असते. नक्की आले असते.

खालून बोटीचा भोंगा झाला. "वहिनी, निघायला हवं," वन्सं म्हणाल्या.

"थांबा जरा. मला तुमच्या भावाला चांगलं झापायचंय."

मी तोंड उघडलं, पण शब्दाच्या आधी हुंदका आला, आणि मग तो आवरेचना. वन्संनी मला घट्ट धरलं. भोंगा पुन्हा वाजला, तरी आम्ही तिथेच बसून होतो.